ई३० एम३ की आर३२ जीटी-आर: घ्यायची तर कोणती?

बीएमडब्ल्यूची ई३० एम३ आणि निसानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर या दोन्ही गाड्यांचं मूळ शोरूममध्ये नाही, शर्यतीच्या नियमावलीत आहे. ग्रुप ए या टूरिंग कार शर्यतींची अट अशी होती की, जी गाडी ट्रॅकवर उतरवायची तिच्या ५,००० गाड्या बारा महिन्यांत तयार झाल्या पाहिजेत. पुढे सुधारित आवृत्ती आणायची असेल तर आणखी ५०० बनवायच्या. बीएमडब्ल्यूने हलकी, जास्त आरपीएमवर फिरणारी चार सिलिंडरची गाडी काढली. निसानने दोन टर्बो, सहा सिलिंडर आणि संगणकावर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह असलेली गाडी काढली. अट एकच होती, पण गाड्या इतक्या वेगळ्या निघाल्या की आज त्या विकत घेताना, चालवताना आणि सांभाळताना एकीचा अनुभव दुसरीला जवळपास लागू पडत नाही.

दोघींची ताकद सारख्याच पुराव्याने सिद्ध झाली आहे. एम३ ने १९८७ मध्ये रोबेर्तो रावाल्याला जागतिक टूरिंग कार विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी कॉर्सिकाची डांबरी रॅलीही जिंकली. जीटी-आर १९९० ते १९९३ या काळात जपानच्या ग्रुप ए मालिकेत २९ शर्यती धावली आणि २९ जिंकली, शिवाय ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ ची बाथर्स्टची शर्यतही. बेल्जियममधली स्पाची २४ तासांची शर्यत १९९० मध्ये एम३ ने जिंकली, १९९१ मध्ये जीटी-आरने आणि १९९२ मध्ये पुन्हा एम३ ने. त्यामुळे मोठं कोण यावर वाद घालून हाती काही लागत नाही. आपल्या घरासमोर कोणती उभी राहू शकते, हे ठरवायचं आहे.

आधी नोंदणी, मग आवड

भारतात राहणाऱ्यांसाठी हा निर्णय तूर्त कागदावरच राहतो. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करण्यावर निर्बंध आहेत आणि स्टिअरिंग उजवीकडे असण्याची अट आहे. एम३ तर फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली. पुढचं सगळं त्या मराठी वाचकांसाठी आहे जे इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा जपानमध्ये राहतात आणि ज्यांच्या हातात खरोखरच या गाडीची किल्ली येऊ शकते.

आर३२ जीटी-आर फक्त उजव्या स्टिअरिंगची आहे. म्हणजे राहत्या देशाचा रस्ताच अर्धा निर्णय घेऊन टाकतो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान इथे जीटी-आर रोजच्या रस्त्यावर सोयीची, जर्मनीत आणि अमेरिकेत एम३. उलट्या बाजूची गाडी चालवता येत नाही असं नाही, पण एकेरी रस्त्यावर ट्रकच्या मागून ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही, आणि टोलनाक्यावर प्रत्येक वेळी पलीकडच्या सीटवर झुकावं लागतं. महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला हे चालून जातं, दर आठवड्याला काढणाऱ्याला वर्षभरात नकोसं होतं.

अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या गाड्यांना तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट आहे, त्यामुळे १९८९ ते १९९४ मधल्या सगळ्या आर३२ आता आणता येतात. कॅलिफोर्नियात मात्र उत्सर्जनाची वेगळी चाचणी आहे आणि ती पार करणं खर्चिक काम आहे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी नंतर कॅलिफोर्नियात नेण्याचा विचार असेल तर आधी त्या चाचणीच्या प्रयोगशाळेशी बोला. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक गाडीची एच नंबरप्लेट मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ अवस्थेत किंवा त्या काळाला साजेशा बदलांसह असावी लागते. जपानहून आलेल्या, बरेच फेरफार झालेल्या जीटी-आरचं घोडं इथे अडू शकतं. आखाती देशांत उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची नोंदणी होते की नाही हे बयाणा देण्याआधीच विचारून घ्या.

आकडे

| | ई३० एम३ | आर३२ जीटी-आर |
|---|---|---|
| इंजिन | २,३०२ सीसी, ४ सिलिंडर, टर्बो नाही | २,५६८ सीसी, ६ सिलिंडर, २ टर्बो |
| ताकद | १९५ ते २२० पीएस (अश्वशक्ती), आवृत्तीनुसार | २८० पीएस, ६,८०० आरपीएमवर |
| टॉर्क | सुमारे २३० ते २४५ न्यूटन-मीटर | ३५३ न्यूटन-मीटर |
| वजन | सुमारे १,२०० किलो | १,४३० किलो |
| ड्राइव्ह | मागची चाकं | मागची, गरजेनुसार पुढचीही |
| मूळ टायर | २०५/५५, १५ इंची | २२५/५०, १६ इंची |
| एकूण गाड्या | सुमारे १८ हजार | सुमारे ४४ हजार |

शून्य ते शंभर एम३ सातच्या जरा आत जाते, जीटी-आर साडेपाच सेकंदांच्या आसपास. जपानी कंपन्यांनी आपसात २८० पीएसची मर्यादा ठरवून घेतली होती, म्हणून जीटी-आरच्या कागदावर तोच आकडा आहे. खरं इंजिन याहून जास्त देतं, असं जाणकार मानतात. स्पीडोमीटर मात्र १८० वर संपतो आणि जपानी गाड्यांत वेग तिथेच अडवलेला असतो.

एम३ चं इंजिन: हाताने सांभाळायचं

एस१४ हे इंजिन पाउल रोशे यांच्या चमूने फार थोड्या दिवसांत उभं केलं. चार सिलिंडरचा जुना दणकट एम१० ब्लॉक घेतला आणि त्यावर एम१ सुपरकारच्या सहा सिलिंडर इंजिनाच्या हेडमधले दोन सिलिंडर कमी करून बसवलं. बोअर ९३.४ मिलिमीटर, स्ट्रोक ८४. एवढे मोठे पिस्टन आणि बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे आयडलवर गाडी थरथरते. ही थरथर खोट नव्हे. इंजिन माउंटिंगची रबरं मेली असली की ती वाढून गिअर लिव्हरपर्यंत येते, आणि तिथून माउंटिंग बदलायची वेळ कळते.

व्हॉल्व्हची गॅप आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट या इंजिनाला नाहीत. दर २५ ते ३० हजार किलोमीटरला, किंवा गाडी ट्रॅकवर जात असेल तर त्याआधीच, सोळाही व्हॉल्व्हची गॅप मोजावी लागते. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभं असलेलं. व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, क्रँकच्या नटवर पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, कॅमची नाकाडी वर आली की फिलर गेज सरकवायचा. गॅप ०.३० मिलिमीटरच्या आसपास हवी. कमीजास्त असेल तर खास टूलने बकेट (व्हॉल्व्हवरची टोपी) खाली दाबून वरची शिम, म्हणजे मापाची पातळ चकती, चुंबकाने किंवा हवेच्या झोताने बाहेर काढायची, तिची जाडी मायक्रोमीटरने मोजायची आणि हिशेबाने दुसरी घालायची. शिमवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका, झिजलेल्या शिमची जाडी त्याहून कमी भरते. नवख्या माणसाचा पूर्ण दिवस जातो, पण गुंतागुंत काही नाही. गॅप खूप कमी होऊ दिली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा जळते आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गळतं. थोडी टिकटिक ऐकू येणारं एस१४ हे अगदी शांत एस१४ पेक्षा बरं, असं म्हणतात ते याच कारणाने.

टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. थंड स्टार्टला पुढून एकदोन सेकंद खडखड येऊन थांबली तर टेन्शनर थकलाय. गरम झाल्यावरही खडखड राहिली तर चेन आणि गाइड दोन्ही बदलायचे. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग या इंजिनाचा सर्वांत महागडा धोका आहे. तेल गरम व्हायच्या आत ६,००० आरपीएमपुढे ओढलेल्या गाड्यांची बेअरिंग लवकर जातात. इंजिन जरा उचलून, पुढची सबफ्रेम खाली घेऊन, ऑइल पॅन काढून ती बदलता येतात. जुन्या बिलांत हे काम दिसत नसेल तर त्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून बोला. ठोका ऐकू येईपर्यंत वाट पाहिली तर क्रँकही घासावा लागतो.

चार सिलिंडरला चार वेगळे थ्रॉटल आहेत. ते एकाच मापाने उघडले नाहीत तर आयडल वरखाली होतं आणि हळू चालवताना गाडी धक्के देते. अनेक मालक यासाठी सेन्सर बदलत बसतात. आधी थ्रॉटलखालची रबरं आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा, नंतर व्हॅक्यूम गेज लावून चारही थ्रॉटल एका रेषेत आणा, आणि त्यानंतरच एअर फ्लो मीटरकडे वळा.

जीटी-आरचं इंजिन: आधीच्या मालकाने काय केलंय ते शोधायचं

आरबी२६ ची क्षमता २.६ लिटर का, याचं उत्तरही नियमावलीतच आहे. टर्बो इंजिनाची क्षमता ग्रुप ए मध्ये १.७ ने गुणली जायची. २,५६८ ला १.७ ने गुणलं की ४,३६६ येतात, म्हणजे ४,५०० सीसीच्या वर्गात गाडी बसते. शर्यतीत या इंजिनातून ५०० पीएसच्या वर काढायचं हे आधीपासून ठरलेलं होतं, म्हणून लोखंडी ब्लॉक जाडजूड आहे. या मजबूत ब्लॉकमुळेच आज अस्पर्श आर३२ सापडणं कठीण झालंय, कारण जपानमधल्या प्रत्येक ट्यूनिंग दुकानाने त्यातून जास्त काढून पाहिलं.

मूळ टर्बोंच्या एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची आहेत. हलकी असल्याने ती पटकन फिरायला लागतात, पण बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवून जास्त उष्णता आणि वेग दिला की चाक दांड्यावरून सुटतं किंवा फुटतं. कंपनीचा बूस्ट ०.७ बारच्या आसपास आहे. बूस्टच्या नळीत एक छोटा अडथळा बसवलेला असतो. तो काढला की काही खर्च न करता बूस्ट एक बारकडे सरकतो. तिथून पुढे सिरॅमिकची खात्री देता येत नाही. चाक फुटलं की बहुतेक तुकडे सायलेन्सरकडे जातात, पण बारीक भुकटी उलटी सिलिंडरमध्ये शिरली तर भिंतींवर चरे पडतात. निसानलाही हे ठाऊक होतं. १९९० ची निस्मो (निसानचा शर्यत विभाग) आवृत्ती आणि शर्यतीसाठीची एन१ यांना कंपनीनेच धातूच्या चाकाचे टर्बो दिले. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: टर्बो मूळ आहेत की बदललेले, आणि बदलले असतील तर कोणी, कधी, बिल कुठे आहे? स्टीलच्या चाकाचे चांगले टर्बो बसवलेली आणि बूस्ट एक बारच्या आत ठेवलेली गाडी आम्ही अस्पर्श सिरॅमिक गाडीपेक्षा चालवण्यासाठी बरी मानतो. जपून ठेवायला घेत असाल तर उलट.

दुसरा मुद्दा ऑइल पंपाचा, आणि इथे घाई करू नका. पंपाचा आतला गिअर क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या दोन सपाट बाजूंनी फिरतो. सुरुवातीच्या आर३२ मध्ये ही सपाट जागा आखूड आहे, गिअरला पुरेशी पकड मिळत नाही. सतत जास्त आरपीएम आणि रेव्ह लिमिटरवर आदळणं यांनी त्या आखूड पकडीवर हातोडा मारल्यासारखे ठोके बसतात, आणि गिअर तडकतो. तेलाचा दाब एका क्षणात शून्यावर, पाठोपाठ बेअरिंग. उशिराच्या आर३२ पासून निसानने पकड रुंद केली. जुन्या क्रँकवर रुंद कॉलर बसवता येते, पण त्यासाठी क्रँक बाहेर काढून मशीनवर न्यावा लागतो, म्हणजे इंजिन उतरवलंच. म्हणून हे काम कोणत्याही मोठ्या रिपेअरसोबत उरकून घ्यायचं. विक्रेता इंजिन नवीन बांधलंय म्हणत असेल तर कॉलर बसवली का आणि पंप कोणता घातला हे विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर इंजिन नवीन बांधलेलं नाही असं समजून किंमत करा.

टायमिंग बेल्ट दर एक लाख किलोमीटरला. आता या गाड्यांचं वय पाहता किलोमीटर विसरा, कागद नसेल तर घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. प्लगवरच्या कॉइलची वेष्टनं उष्णतेने तडकतात, बूस्टवर गाडी अडखळते आणि लोक पेट्रोलला दोष देतात. दोन एअर फ्लो मीटर आहेत, त्यांच्या आतला सोल्डरचा डाग सैल झाला तरी हेच लक्षण. सहावा, म्हणजे मागच्या भिंतीजवळचा सिलिंडर सर्वांत गरम राहतो, नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांची, पहिली शिकार तोच. कॉम्प्रेशन मोजताना सहाही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि सहावा कमी निघाला तर लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पेट्रोलचाही विचार करा. हे इंजिन जपानच्या १०० ऑक्टेनच्या हायऑक्टेनवर जुळवलेलं आहे. जिथे ९५ च मिळतं तिथे बूस्ट वाढवलेली गाडी नॉकिंगच्या काठावर चालते. एम३ ला ९८ मिळालं की भागतं, एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारं कॅटलिस्ट असलेली तर ९५ वरही निभावते.

गिअर, डिफरन्शिअल आणि धूर न दिसता येणारा खर्च

युरोपातल्या एम३ चा पहिला गिअर डावीकडे खाली आहे, दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत. शर्यतीत सोय, सिग्नलवर सवय व्हायला वेळ. अमेरिकेतल्या गाड्यांना नेहमीचा गिअरबॉक्स आणि ४.१० चं डिफरन्शिअल दिलं होतं, पण त्यांचा पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असल्याने हायवेवरचा आरपीएम युरोपियन गाडीच्या जवळपासच राहतो. मागे २५ टक्क्यांचं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल आहे, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारं. यापलीकडे एम३ च्या ड्राइव्हलाइनमध्ये घाबरण्यासारखं काही नाही.

जीटी-आरमध्ये मात्र इथेच खरी करामत आहे आणि खर्चही. अटेसा ई-टीएस ही तिची फोर व्हील ड्राइव्हची यंत्रणा साध्या चालीत मागच्या चाकांनाच ताकद देते. मागची चाकं घसरायला लागली की हायड्रॉलिक दाबाने ट्रान्सफर केसमधल्या क्लच प्लेट दाबल्या जातात आणि निम्म्यापर्यंत ताकद पुढे जाते. डॅशवर पुढच्या चाकांच्या टॉर्कची वेगळी सुई आहे. ट्रायल घेताना मोकळ्या, ओल्या जागेत पहिल्या गिअरमध्ये ठामपणे पिकअप द्या आणि सुई पाहा. उचलली गेली पाहिजे, आणि वेग स्थिर झाला की परत खाली यायला हवी. सुई हलत नसेल किंवा फोर व्हील ड्राइव्हचा दिवा पेटत असेल तर हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल, पंप मेला असेल किंवा सेन्सर. हवा काढणं स्वस्त, पंप महाग.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढचे नवे आणि मागचे झिजलेले असले तर संगणकाला वाटतं चाकं घसरताहेत, आणि क्लच प्लेट सरळ रस्त्यावरही घासत राहतात. पुढचे-मागचे टायर वेगळ्या कंपनीचे दिसले तर हा मुद्दा लक्षात ठेवून भाव करा.

पुढचं डिफरन्शिअल इंजिनाच्या ऑइल पॅनला जोडलेलं आहे आणि त्याचा एक दांडा पॅनमधून आरपार जातो. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही गाडीत तासाभराचं असलेलं पॅन गॅस्केटचं काम इथे सबफ्रेम उतरवण्याचं होतं. मागच्या चाकांचं स्टिअरिंग, म्हणजे सुपर हायकास, बॉल जॉइंट झिजले की गाडीची मागची बाजू सरळ रस्त्यावरही डुलते. बरेच जण ते काढून मागची चाकं सरळ अडकवणारा लॉक बार लावतात. लावलेला असेल तर काही बिघडत नाही, पण व्यवस्थित बसवलाय का आणि मागचं अलाइनमेंट केलंय का ते पाहा. फेब्रुवारी १९९३ पासून क्लच पुल प्रकारचा झाला, आधी पुश होता. क्लचचा पार्ट मागवताना याच कारणाने चुकीचा डबा येतो.

गंज: पैसा इथेच जातो

इंजिन कितीही महाग असो, त्याचे पार्ट विकत मिळतात. पत्र्याचं तसं नाही. एम३ ची बॉडी साध्या ई३० ची नाही, बॉनेट, छत आणि दारं सोडली तर बाहेरचे बहुतेक पत्रे वेगळे आहेत. मागच्या रुंद मडगार्डच्या आत दोन पत्रे जोडलेले असतात, तिथे माती साठते आणि गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग फुगलेला दिसेल तेव्हा आतलं संपलेलं असतं. हात आत घालून काठ चाचपा, कडक आणि एकसारखी लागली पाहिजे. बॅटरीचा ट्रे, जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेचा खालचा काठ, सनरूफच्या कडा, मागच्या दिव्यांखालची पट्टी, मागच्या शॉकॉबची माउंटिंग, हे सगळं त्याच वेळी पाहून घ्या. काचेखालचा गंज दुरुस्त करायला काच आणि डॅश दोन्ही काढावे लागतात.

जीटी-आरची जीवघेणी जागा म्हणजे बॉनेटखाली, शॉकॉबच्या टोपीभोवतीचा पत्रा. दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरून तो फुगतो. बॉनेट उघडल्याबरोबर दोन्ही बाजू पाहा, सांध्यातला सीलर कंपनीचा आहे की कोणी ब्रशने नवा थापलाय ते ओळखू येतं. बॉनेट आणि पुढची मडगार्ड अॅल्युमिनियमची आहेत, त्यावर चुंबक लावून पुट्टी शोधता येत नाही, पेंट गेज अॅल्युमिनियम ओळखणारा हवा. मागची मडगार्ड, सिल, डिकीचा तळ हेही पाहा. डॅशचा वरचा थर फुगणं आणि दारांच्या आतलं कापड सुटणं जवळपास प्रत्येक आर३२ मध्ये दिसतं. दिसायला वाईट, पण गाडी नाकारण्याचं कारण नाही.

कागद काय सांगतात

दोन गाडीसंस्कृतींतला सर्वांत व्यावहारिक फरक इथे आहे. जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि सस्पेन्शन, चाकं, सायलेन्सर यांतले बदल गाडीच्या कागदांत नोंदवावे लागतात. म्हणून जर्मन एम३ चा इतिहास बऱ्याचदा एका फाइलमध्ये मिळतो: शिक्क्यांचं सर्व्हिस बुक, तपासणीचे अहवाल, त्यावरचे किलोमीटर. ते आकडे एका रेषेत चढत गेलेले दिसले पाहिजेत. चेसिस नंबरची सुरुवात डब्ल्यूबीएसने झाली पाहिजे, ते एम विभागाचं चिन्ह. चाकाला चारऐवजी पाच नट असतात.

जपानी गाडीबरोबर येतो तो लिलावाचा कागद. त्यावर गाडीचा नकाशा असतो आणि पत्र्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा दुरुस्त केलेला, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे पॅनल बदललेलं. आर किंवा आरए दर्जा म्हणजे अपघातानंतर सांगाडा दुरुस्त झालेला. हा कागद विक्रेत्याच्या फोनवरचा फोटो न घेता लिलावघराच्या नोंदीतून स्वतंत्रपणे मागवा. खालचा शेरा जपानी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, मीटर बदलल्याची नोंद तिथेच असते. बऱ्याच गाड्यांत १८० चा स्पीडोमीटर काढून निस्मोचा जास्त वेगाचा बसवलेला असतो. त्याने गाडी खराब ठरत नाही, पण खरे किलोमीटर मीटरवर न शोधता जुन्या बिलांत शोधावे लागतात. चेसिस नंबर बीएनआर३२ ने सुरू झाला पाहिजे. साध्या स्कायलाइनला जीटी-आरचं रूप दिलेल्या गाड्या इथेच पकडल्या जातात.

पार्ट आणि हात

एम३ चे यांत्रिक पार्ट बीएमडब्ल्यूच्या क्लासिक विभागाकडून मिळतात, किमती चढ्या. साध्या ई३० चं आतलं सामान, काचा, बरंचसं वायरिंग चालतं, त्याचा आधार मोठा आहे. जीटी-आरसाठी निसान आणि निस्मोने डिसेंबर २०१७ पासून हेरिटेज पार्टची योजना सुरू केली, बंद पडलेल्या नळ्या, वायरिंग, रबरं पुन्हा बनू लागली. आरबी इंजिनासाठी जपान आणि ऑस्ट्रेलियात इतके कारागीर आहेत की टर्बोपासून क्रँकपर्यंत सगळं नवं मिळतं. पण तुमच्या शहरात आरबी२६ उघडलेला मेकॅनिक आहे का? नसेल तर गाडी ट्रेलरवर घालून दूर पाठवण्याचा खर्च दरवर्षी धरा. एम३ जुन्या बीएमडब्ल्यूवर काम करणारा कोणीही चांगला कारागीर हाताळू शकतो.

मग कोणती?

घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, कायदेशीर वेगात, हातात स्टिअरिंग जिवंत वाटावं म्हणून गाडी घेत असाल तर एम३. वजन कमी, नाक हलकं, स्टिअरिंगला वजन आहे आणि ताकद इतकीच की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देता येतो. स्वतःच्या हाताने टॅपेट सेट करणाऱ्याला ही गाडी भरभरून देते. आरपीएम ४,५०० च्या खाली असताना मात्र ती सामान्य गाडीसारखी वागते, हे ट्रायलमध्ये अनेकांची निराशा करतं. वर नेल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

पावसात, थंडीत, लांब हायवेवर, ट्रॅकवर जोरात जायचं असेल तर जीटी-आर. ती जड आहे आणि घट्ट वळणात नाक बाहेर ढकलते, पण वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दिला की सगळी गाडी एकत्र खेचली जाते. ही गोष्ट त्या काळच्या फार थोड्या गाड्यांत आहे. कंपनीचे सुरुवातीचे ब्रेक मात्र या वेगाला कमी पडतात. ट्रॅकवर जायचं असेल तर १९९३ ची व्ही-स्पेक, तिला ३२४ मिलिमीटरचे ब्रेंबो आहेत, किंवा तेच ब्रेक नंतर बसवलेली गाडी पाहा.

आमचा कौल, दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा असेल तर, एम३ कडे. कारण तिच्या दुखण्यांची यादी छोटी आणि ठरलेली आहे, आणि बहुतेक दुखणी आवाजाने किंवा कागदाने आधी कळतात. जीटी-आरची मोठी दुखणी आधीच्या मालकाच्या हातावर अवलंबून असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. पण कागद पूर्ण, टर्बो आणि पंपाची बिलं हजर, शॉकॉबच्या टोप्या स्वच्छ अशी आर३२ समोर आली आणि दुसरीकडे मडगार्ड फुगलेली एम३ असेल, तर आर३२ घ्यावी, क्षणाचाही विचार न करता.

कोणतीही घ्या, किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. घरी आल्यावर क्रम असा: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल यांची तेलं आणि ब्रेक फ्लुइड बदला, जीटी-आर असेल तर ट्रान्सफर केस आणि अटेसाचं तेलही. काढलेलं इंजिन ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात चुंबक फिरवा, फिल्टर कापून घड्या उलगडून पाहा. चमकणारे तांबूस कण दिसले तर बेअरिंगचं तांबं आहे, तिथून पुढे इंजिन चालू करू नका. मग इंधनाच्या आणि कूलंटच्या सगळ्या रबरी नळ्या. डॅशवरच्या ऑइल प्रेशरच्या सुईवर भरवसा न ठेवता एकदा यांत्रिक गेज लावून थंड आणि गरम दोन्ही वेळचा दाब लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तापमानाला पुन्हा मोजा, आणि आकडा खाली आला असेल तर ऑइल पॅन उघडा.